खेळाडूला घरी धाडण्याआधी

पॅरिस ऑलिंपिकला जेमतेम आठवडा उरला असताना, 19 जुलै 2024 रोजी जपानच्या महिला जिम्नॅस्टिक्स संघाची कर्णधार शोको मियाता संघाबाहेर झाली. वय वर्षं 19. अपराध असा की तिने सिगारेट ओढली आणि दारू प्यायली. जपानमध्ये दोन्हींसाठी वयाची अट 20 वर्षांची आहे आणि संघाच्या आचारसंहितेतही मनाई होती. उरलेल्या चौघी खेळल्या आणि संघ अंतिम फेरीत आठवा आला. ‘नियम म्हणजे नियम, अशांना घरीच धाडलं पाहिजे’ हा युक्तिवाद मुंबईत कॉटन ग्रीन-काळाचौकीपासून लालबाग-परळपर्यंतच्या कबड्डी मंडळांतही सहज पटण्यासारखा आहे, कारण कबड्डीत खेळाडूचं सगळं भांडवल त्याच्या दमात असतं. तरीही तो मला मान्य नाही. व्यसनाची तरफदारी मी करत नाही. शिक्षा गुन्ह्याच्या मापाची हवी आणि ते माप आधी लिहून ठेवलेलं हवं, एवढंच माझं म्हणणं आहे.

कायदा मोडला, म्हणून हकालपट्टी, हे सूत्र आधी आपल्याच घरी लावून पाहू. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी 21, तर कडक दारूसाठी 25 वर्षांची अट आहे. म्हणजे 24 वर्षांच्या खेळाडूने व्हिस्कीचा एक घोट घेतला, तरी कायदा मोडला. त्यासाठी त्याची अख्खी स्पर्धा हिरावून घ्यायची असेल, तर ती शिक्षा कायद्याहून कितीतरी मोठी ठरते. आणि खेळाच्या दृष्टीने पाहावं, तर उत्तेजकविरोधी जागतिक संस्थेच्या यादीत निकोटीनवर बंदी नाही, त्यावर फक्त लक्ष ठेवलं जातं. मोजक्या खेळांपुरती असलेली मद्याची बंदीही 2018 पासून यादीतून गेली. यातून कोणी गैरफायदा मिळवत नाही. नुकसान होतं ते पिणाऱ्याचं आणि त्याच्या संघाचं.

माप ठरलेलं असलं की काय होतं, हे मुंबईच्याच क्रिकेटपटू पृथ्वी शॉच्या प्रकरणात दिसलं. फेब्रुवारी 2019 मध्ये घेतलेल्या नमुन्यात टर्ब्युटालिन हे बंदी असलेलं द्रव्य सापडलं. खोकल्याच्या औषधातून ते नकळत गेल्याचा खुलासा क्रिकेट मंडळाने तपासून मान्य केला आणि आठ महिन्यांची बंदी घातली. नोव्हेंबरमध्ये ती संपली, तो पुन्हा मैदानात उतरला. इथे कारण जाहीर होतं, म्हणणं ऐकलं गेलं, शिक्षेला शेवट होता. याच्या उलट 1936. भारतीय क्रिकेट संघाच्या इंग्लंड दौऱ्यावरून लाला अमरनाथ यांना पहिल्या कसोटीआधीच बेशिस्तीच्या आरोपावरून परत पाठवण्यात आलं. तिथे दारूचा प्रश्न नव्हता, पण हत्यार हकालपट्टीचंच होतं. पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर जॉन बोमंट यांच्या चौकशी समितीने त्यांना निर्दोष ठरवलं. त्याचा उपयोग काय? 1933 साली बॉम्बे जिमखान्यावर भारताचं पहिलं कसोटी शतक ठोकणाऱ्या या माणसाला हकालपट्टीनंतर कसोटी खेळायला मिळाली ती 1946 मध्ये. हिरावलेली स्पर्धा कोणतीही समिती परत देऊ शकत नाही, हे हकालपट्टीची मागणी करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

‘पण मुलं यांच्याकडे पाहून शिकतात’ हा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे आणि तो मी खरा मानतो. म्हणूनच विचारतो, 1996 चा विश्वचषक कोणाच्या नावाने भरला होता? विल्सच्या. त्या काळात भारतीय क्रिकेटपटूंच्या छातीवर सिगारेटचंच नाव होतं. 2008 साली बंगळुरूच्या आयपीएल संघाला व्हिस्कीवरून नाव मिळालं. वेलची आणि पानमसाल्याच्या आडून तंबाखूच्या नाममुद्रा आजही सामन्यांच्या जाहिरातींत झळकतात. खोलीत लपून ओढलेल्या एका सिगारेटने मुलं बिघडतात आणि लाखो घरांत पोचलेल्या या नावांनी बिघडत नाहीत, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? परळचं टाटा रुग्णालय तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांनी भरलेलं असताना तर मुळीच म्हणता येणार नाही.

सौम्यपणामुळे नामांकित खेळाडू सुटतील, अशीही भीती असते. नियम मोघम असेल तर ते सुटतातच. मार खातो तो गोदामात राबणाऱ्या बापाचा पोरगा, ज्याची बाजू मांडायला कोणी नसतं. लेखी नियमाचा आधार त्यालाच जास्त आहे. सामन्याच्या आदल्या रात्री प्यायला, तर तो सामना बाहेर बसवा. संघाचं त्यात प्रत्यक्ष नुकसान आहे. दम कमी पडत असेल, चाचणीत उतरत नसेल, तर निवड नको. पहिलीच चूक असेल, तर ताकीद आणि व्यसन सोडवण्यासाठी मदत द्या. वारंवार घडलं, तर मुदतीची बंदी घाला. पोरगा अठराच्या आतला असेल, तर त्याला तंबाखू विकणाऱ्यालाही जाब विचारा.

लालबाग-परळच्या मंडळांना विनंती आहे. येत्या हंगामाच्या प्रवेशअर्जावर हे नियम मराठीत छापा, खेळाडूची बाजू ऐकल्याशिवाय कोणाला काढू नका आणि पानमसाल्याच्या कंपनीचा फलक मैदानात लावू देऊ नका.