हद्द आमची, रेघ कोणाची?

द्वितीय वर्ष, कला

15 जानेवारी 2026 रोजी मी आयुष्यातले पहिले मतदान केले, आणि तेही एकदा नव्हे, चारदा! चार सदस्यांचा प्रभाग म्हणजे प्रत्येक मतदाराने चार जागांसाठी चार बटणे दाबायची. केंद्रातून बाहेर पडल्यावर आजीने मला विचारले, "यातला आपला कनचा?" मला उत्तर देता आले नाही. चौघेही आपले म्हणावे, तर दोन घरचा पाहुणा उपाशी ही म्हण आजीनेच मला शिकवलेली. मग चार घरच्या पाहुण्याची काय गत होत असेल, हे सूज्ञ वाचकांनीच ठरवावे.

कोण निवडून आले आणि कोण पडले हा माझ्या लेखाचा विषय नाही. त्यावर कॅन्टीनमध्ये पुष्कळ चर्चा झाली आहे. मला लिहायचे आहे ते मतदानाच्याही आधी घडणाऱ्या एका गोष्टीविषयी. आपला प्रभाग कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो, ही नकाशावरची रेघ कोण मारते? आणि ती मारताना आपल्याला विचारतात, ते केव्हा विचारतात?

पनवेलची नगरपालिका 1852 सालची, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक. त्या वेळच्या 1850 च्या कायद्यात गावच्या रहिवाशांची इच्छा असेल तरच नगरपालिका स्थापण्याची सोय होती, हे वाचून मला फार गंमत वाटली. परक्या सरकारनेही निदान आरंभी विचारले होते म्हणायचे! पुढे 1 ऑक्टोबर 2016 रोजी महानगरपालिका झाली. जुने पनवेल, नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर, तळोजे आणि 29 गावे एका कारभाराखाली आली. पहिली निवडणूक 24 मे 2017 रोजी झाली. जागा 78, प्रभाग 20. त्यांपैकी 18 चार सदस्यांचे आणि 2 तीन सदस्यांचे. 2026 सालीही जागा 78 आणि प्रभाग 20 च राहिले.

आता यात नऊ वर्षे काहीच बदलले नाही का? बदलले तर सगळेच, पण मोजले गेले नाही. प्रभागाची रचना शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेवरून करायची असा नियम आहे आणि ती जनगणना 2011 ची. त्या गणनेत या सर्व क्षेत्राची लोकसंख्या पाच लाख दहा हजारांच्या आसपास होती. तिला 78 ने भागले की एका नगरसेवकामागे साडेसहा हजार माणसे येतात आणि चार सदस्यांच्या प्रभागात सव्वीस हजार. त्यात दहा टक्के कमी-जास्त चालते. हिशेब अगदी चोख आहे. मात्र ज्या माणसांचा तो हिशेब आहे ती माणसे 2011 सालची आहेत. त्या साली मी चार वर्षांची होते. खारघरच्या सेक्टर 36 मधली सिडकोची 'स्वप्नपूर्ती' वसाहत तेव्हा नव्हती. तळोज्याच्या माळावर आज जे सिडकोचे उंच टॉवर दिसतात तेही त्यानंतरचे. तिथे राहणारी हजारो माणसे मते देतात, पण रेघ मारताना त्यांच्या नावाचा आकडा कागदावर नाही. कागदावर सारखे दिसणारे दोन प्रभाग प्रत्यक्षात सारखे असतीलच असे कोणी छातीठोकपणे सांगू शकेल काय?

रेघ मारण्याचे नियमही आहेत, आणि ते वाचायला मला आवडले. आरंभ उत्तरेकडून करायचा, ईशान्येकडून पूर्वेला वळायचे, पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत जायचे आणि दक्षिणेला संपवायचे. हद्दी शक्यतो मोठे रस्ते, नद्या, नाले, डोंगर, रेल्वेमार्ग यांवरून न्यायच्या. एका इमारतीचे दोन तुकडे करायचे नाहीत. जनगणनेचा प्रगणक गट, म्हणजे एका प्रगणकाला मोजायला दिलेला घरांचा समूह, शक्यतो फोडायचा नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्या विभागायच्या नाहीत. यात वावगे काय आहे? काहीच नाही. पनवेल आणि नवीन पनवेल यांच्यामधून रेल्वे जाते. तिला हद्द म्हटले तर कोण भांडेल?

पण नाल्याचे तसे नाही. आमचे गाव कळंबोलीच्या बाजूचे. ही सारी जमीन सखल, भरतीच्या पाण्याखाली जाणारी. सिडकोने वसाहती वसवताना म्हणूनच धारण तलाव बांधले. पावसाळ्यात नाल्याचे पाणी चढते ते अलीकडच्या गावठाणातही शिरते आणि पलीकडच्या सेक्टरमधल्या तळमजल्यातही. नाला आम्हाला तोडत नाही. वर्षातले आठ महिने आम्ही एकमेकांना ओळखतही नाही, पण जुलैमध्ये आमचे दुःख एकच असते. आता समजा, नियमाप्रमाणे हद्द नाल्याच्या मध्यावरून गेली. झाले! नाल्याचा अर्धा गाळ एका प्रभागाचा, अर्धा दुसऱ्याचा. चार नगरसेवक इकडचे, चार तिकडचे. आठ जणांचा नाला कोणाचाच नाही. नियम करणाऱ्याने नाला नकाशावर पाहिला होता. त्याच्या काठी राहणारा माणूस वेगळे सांगेल, आणि तो सांगेल ते रेघ मारण्याच्या आधी ऐकले तरच उपयोगाचे.

2025 च्या पावसाळ्याच्या अखेरीस प्रारूप प्रभागरचना प्रसिद्ध झाली आणि हरकती व सूचना मागवण्यात आल्या. राज्यशास्त्राच्या तासाला 74 वी घटनादुरुस्ती शिकून मी नुकतीच ताजीतवानी झाले होते. 1993 पासून शहरांच्या कारभाराला घटनेचा आधार मिळाला, लोकसहभाग वगैरे सारे मला पाठ होते. मी घरी जाऊन एका बैठकीत दोन पाने हरकत लिहिली. त्यात आमची जत्रा होती, नाला होता, सिडकोला गेलेली शेते होती, आणि शेवटी लोकशाहीची पालखी वगैरे वाहिलेली होती. दुसऱ्या दिवशी सरांना दाखवली. सरांनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाले, "अगं, निबंध म्हणून छान आहे. पण तुला हद्द कुठून कुठे न्यायची आहे ते यात कुठे आहे?"

खरेच नव्हते! मग मी नकाशा घेऊन बसले. नकाशावर प्रगणक गटांचे क्रमांक. आमचे घर कोणत्या गटात? घरात कोणालाच ठाऊक नव्हते. आमच्या घरात आजवर जो सरकारी कागद आला तो मीच वाचून दाखवला आहे, वीजबिलापासून नोटिशीपर्यंत. या कागदापुढे मात्र माझी बी.ए. थिटी पडली. गाव अमुक गटातून तमुक गटात हलवले तर त्या प्रभागाची लोकसंख्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत राहते की नाही, हे आकडे मांडून दाखवले तरच हरकतीला वजन येते, हे कळायला मला चार दिवस लागले. शिवाय आमच्यातच एकमत होईना. मारुतीच्या देवळात बसलेली थोरली मंडळी म्हणाली, आजूबाजूची सगळी गावे एका प्रभागात आली पाहिजेत, म्हणजे घरे नियमित करण्याचा प्रश्न तरी कोणी धसास लावील. माझा चुलतभाऊ म्हणाला, "काका, मग नाल्याचे काय? नाला सेक्टरवाल्यांबरोबर आहे." काकांनी त्याच्याकडे असे पाहिले की जणू तो शत्रूला मिळाला! मला दोघांचेही पटत होते. अजूनही पटते. या वादात मुदत संपली आणि माझी हरकत वहीतच राहिली. दोष कोणाचा म्हणाल तर माझाच; आधी आकडे आणि मग भावना, हे मला ठाऊक नव्हते.

एका गोष्टीचे मात्र नवल वाटते. आमच्या गावात हद्द या शब्दाचे अज्ञान नाही. सात-बारा, गट नंबर, गावठाणाची सीमा यांवर आमच्या अडाणी म्हणवणाऱ्या आज्या वकिलाला गप्प करतील. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, त्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1984 च्या जानेवारीत जासईला रक्त सांडले, साडेबारा टक्के भूखंड मिळाले, हा सगळा हद्दीचाच इतिहास आहे. गावठाणाच्या आत घर असले तर काय आणि बाहेर असले तर काय, हे आम्हाला भोगून कळले आहे. मी प्रभागाचा नकाशा उलगडला तेव्हा आजी म्हणाली, "पोरी, पयला शेत कागदाव गेला, आता गाव पन चालला का?" तिला रेघेची भीती कळते. प्रभागाच्या रेघेने काय जाते आणि काय येते, हे तिला कोणी समजावून सांगितलेले नाही, एवढेच. तेव्हा लोकांना रस नाही, हे जे नेहमी म्हटले जाते ते मी मानायला तयार नाही.

दुसरे असे म्हटले जाते की लोकांना विचारत बसलो तर निवडणुका कधी होणार? हे ऐकून हसू येते. पनवेलच्या पहिल्या सभागृहाची मुदत जुलै 2022 मध्ये संपली. नवी निवडणूक जानेवारी 2026 मध्ये झाली. साडेतीन वर्षे प्रशासकाचा कारभार होता! या काळात ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात होता. मार्च 2022 मध्ये कायदा करून प्रभागरचनेचे अधिकार निवडणूक आयोगाकडून राज्य सरकारने आपल्याकडे घेतले. अखेर 6 मे 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गाडी हलली. ज्यांना साडेतीन वर्षे थांबायला वेळ होता त्यांना तीन महिने गावोगाव, सेक्टरोसेक्टर जाऊन विचारायला वेळ नव्हता?

प्रभागात सदस्य किती याचा इतिहास तर एखाद्या फार्साला शोभेल. मुंबई सोडून महानगरपालिकांत 2002 साली तीन, 2007 साली एक, 2012 साली दोन, 2017 साली चार. पुढे पुन्हा एक ठरले, मग तीन, मग 2022 साली परत चार. पक्ष बदलला की आकडा बदलतो. यातल्या कोणत्या आकड्यासाठी कोणी मतदाराला विचारले होते?

नकाशाशी असा खेळ करणे ही काही आपलीच मिरास नव्हे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याचा गव्हर्नर एल्ब्रिज गेरी याच्या कारकिर्दीत, 1812 साली, आपल्या पक्षाच्या सोयीसाठी असा वेडावाकडा मतदारसंघ आखला गेला की तो सॅलॅमँडर नावाच्या सरड्यासारख्या प्राण्यासारखा दिसू लागला आणि 'जेरीमँडर' हा शब्द जन्मला. पण त्याच देशात कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 2008 साली कौल देऊन हे काम नागरिकांच्या आयोगाकडे सोपवले. चौदा सदस्य, दोन मोठ्या पक्षांचे पाच-पाच आणि कोणत्याच मोठ्या पक्षाचे नसलेले चार. मला त्यातले सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे की तो आयोग रेघ मारण्याआधी लोकांना बोलावतो आणि विचारतो, तुमची वस्ती कोणती, तुम्ही कोणाबरोबर जोडलेले आहात, बाजार कुठे, शाळा कुठे. माझ्या त्या दोन पानांना, जत्रेसकट, तिथे जागा मिळाली असती!

आपल्याकडे प्रारूप प्रसिद्ध होईपर्यंत गुप्तता पाळतात. इच्छुक उमेदवारांनी हस्तक्षेप करू नये म्हणून ते योग्यच आहे. परंतु रेघ गुप्त ठेवणे निराळे आणि लोकांचे ऐकणे निराळे. वस्त्यांची माहिती उघडपणे आधी गोळा करावी, मग बंद दाराआड खुशाल रेघ मारावी. प्रारूपाबरोबर प्रत्येक गटाचा आकडा आणि साध्या मराठीत त्याचा पत्ता द्यावा: अमुक देवळापासून तमुक रेशन दुकानापर्यंत. आणि हरकत फेटाळली तर का फेटाळली, ते त्या माणसाला दोन ओळींत लिहून कळवावे. कारण एकदा रचना अंतिम झाली की न्यायालयाचे दारही जवळजवळ बंद असते. प्रभागरचनेच्या कायद्याला आव्हान देण्यावर घटनेनेच बंधन घातले आहे. म्हणजे सामान्य माणसाच्या हाती हरकतीची मुदत हीच काय ती संधी.

पुढची जनगणना 2027 सालची आहे. तिचे आकडे आले की आजची रचना टिकणार नाही. जागा वाढतील, प्रभाग बदलतील, रेघा नव्याने पडतील. तोवर आपल्यातले बरेच जण पदवीधर होऊन कामाला लागलेले असतील, पण राहणार इथेच. म्हणून मी वहीत आमच्या गावाचा आणि नाल्यापलीकडच्या दोन सेक्टरांचा नकाशा काढायला घेतला आहे. पाणी कुठून येते, रेशन कुठे, पोरे कोणत्या शाळेत जातात, दवाखाना कुठला. नाल्यापलीकडच्या एका काकूंनी मला चहा पाजून तासभर माहिती दिली आणि वर विचारले की इतकी वर्षे तुमच्या गावातून कोणीच कसे आले नाही?

आमच्या कॉलेजात खारघरची मुले आहेत, कामोठ्याची आहेत, नावडे, ओवे, पेंधर, रोडपाली, आसूडगावची आहेत. ज्यांना आपापल्या भागाचे असे काम करावेसे वाटेल त्यांनी शनिवारी तास संपल्यावर वाचनालयात मला भेटावे. भूगोलाचे कोणी असेल तर फार बरे होईल. माझ्या नकाशातली उत्तर दिशा चुकली आहे, असे सर म्हणतात.