गर्दीची तक्रार करणारी गर्दी

ऑफिसातला एक मित्र नुकताच ग्रीसची क्रूझ करून आला. निगडी ते चाकण, कंपनीच्या बसमध्ये नुसतं सँटोरिनी-पुराण. "अरे, कसली गर्दी! फोटोलासुद्धा रांग. वर बेटावर उतरायचे २० युरो!"

म्हटलं, "तुझी बोट काय रिकामी गेली होती का?"

सगळे हसले. मला मात्र आमची घारापुरीची ट्रिप आठवली. चिंचवडहून सकाळची सिंहगड एक्सप्रेस, मग गेटवेवरून तासाभराची लाँच. पायऱ्या चढून त्रिमूर्तीसमोर ग्रुप फोटो, माकडाने पळवलेले वेफर्स आणि शेवटची लाँच चुकू नये म्हणून पळापळ. डबे घरचे, पाणी मुंबईतून नेलेलं. बेटाला आम्ही काय दिलं? रिकाम्या बाटल्या! आणि परतताना मीच म्हणालो होतो, "छे, फार गर्दी होती."

ही लेणी १९८७ साली जागतिक वारसा यादीत गेली. पण शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर या बेटावरच्या गावांत समुद्राखालच्या केबलने वीज पोचायला २०१८ उजाडलं. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटर. म्हणजे ३१ वर्षं आपण दिवसा फोटो काढून परत येत होतो आणि मागे अंधार.

ग्रीसने जुलै २०२५ पासून सँटोरिनी आणि मिकोनोसला क्रूझने येणाऱ्यांवर ऐन हंगामात २० युरो कर लावलाय. सँटोरिनीवर दिवसाला ८००० क्रूझप्रवासी अशी मर्यादाही आहे. मला विचाराल तर बरोबरच केलं. घारापुरीलाही माणसांचा आकडा ठरवा. ऑनलाइन स्लॉट द्या, वीकएंडला आमच्यासारख्यांकडून जास्त पैसे घ्या आणि ते गावालाच मिळू द्या.

"मग गरिबाने जायचंच नाही का?" जावं की! मंगळवार ते शुक्रवार तिकीट आजच्याइतकंच ठेवा. "आणि दुकानदारांचं पोट?" डबा घेऊन येणाऱ्या दहा जणांपेक्षा तिथे बसून जेवणारे चार जण त्यांना नक्कीच परवडतील.

सर्व्हरवर झेपेना इतका लोड आला की आपण रिक्वेस्ट अडवतो. त्याला कुणी अन्याय म्हणत नाही. बेटाने मात्र कितीही माणसं झेलायची!

असो. पुढच्या वेळी मी मधल्या वारी रजा टाकून जाणार, जेवणार तिथेच. आणि बाटली परत आणणार. तुमचं काय?