धुकं हटवलं नाही, हे बरं केलं!

रस्त्याकडेच्या एका घाणेरड्या सार्वजनिक स्वच्छतागृहात एक माणूस आरशात स्वतःकडे बघत उभा आहे. बराच वेळ. ना भूत, ना रक्त, ना कुणाची किंकाळी. तरी पोटात गोळा येतो. ‘सायलेंट हिल २’ या गेमची ही सुरुवात. २००१मध्ये प्लेस्टेशन २वर ज्यांनी ती कॉलेजच्या वयात पाहिली, ते आज चाळिशी ओलांडून गेलेत. ऑक्टोबर २०२४मध्ये हाच गेम नव्याने बनवून प्लेस्टेशन ५ आणि पीसीवर आला. सुरुवात तीच, आरसाही तोच. प्रश्न एवढाच, की भीतीही तीच आहे का?

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जेम्स संडरलँड नावाच्या साध्यासुध्या माणसाला बायकोचं, मेरीचं पत्र येतं. ‘सायलेंट हिल’ या गावात, आपल्या खास जागी, मी तुझी वाट बघतेय असं ती लिहिते. अडचण अशी, की मेरीला जाऊन तीन वर्षं झालीत. जेम्स तरीही जातो. गाव धुक्यात बुडालेलं, रस्ते ओस आणि समोर येणारे राक्षस बाहेरून आलेले नाहीत, ते त्याच्याच मनातून निघालेत. याहून जास्त सांगितलं तर स्पॉयलर होईल.

रिमेक म्हटलं की आपण लगेच तुलनेला बसतो. १९७८चा ‘डॉन’ भारी की २००६चा, यावर घराघरात भांडणं झालीत. पण गेमचं गणित जरा वेगळं आहे. सिनेमा आपण बघतो, गेम आपण हाताने चालवतो. त्यामुळे रिमेकमध्ये फक्त चित्र बदलत नाही, आपल्या हाताला होणारा त्रासही बदलतो. आणि हॉरर गेममध्ये हा त्रास म्हणजेच अर्धी भीती असते.

जुन्या गेममध्ये कॅमेरा बहुतेक वेळा कुठेतरी कोपऱ्यात टांगलेला असायचा. जेम्स कॉरिडॉरमध्ये चालतोय, खिशातला रेडिओ खरखरायला लागतो, म्हणजे जवळपास काहीतरी आहे. पण कॅमेरा ते दाखवतच नाही! जेम्स काही कमांडो नाही. हातात खिळे ठोकलेली फळी, आणि ती फिरवतानाही त्याची तारांबळ. धुक्याचं तर आणखी गमतीशीर. १९९९च्या पहिल्या ‘सायलेंट हिल’मध्ये जुन्या प्लेस्टेशनला लांबपर्यंतचं गाव एकदम दाखवणं झेपत नव्हतं. धुक्याने ती उणीव झाकली आणि पुढे तेच या मालिकेची ओळख बनलं.

म्हणूनच २०२२मध्ये रिमेकची घोषणा झाली तेव्हा जुने फॅन धास्तावले. मालकी कोनामी या जपानी कंपनीची, पण काम पोलंडमधल्या क्राकोव्हच्या ब्लूबर टीमकडे. त्यांच्या आधीच्या हॉरर गेम्सबद्दल मतं विभागलेली. त्यात २०१२च्या एचडी आवृत्तीची जखम ताजी. तिथे चित्र स्वच्छ करण्याच्या नादात धुक्याचीच वाट लागली होती. आता मारामारीवर भर देणारा ट्रेलर आल्यावर ‘झालं, आता याचा अॅक्शन गेम करणार’ असा सूर लागला.

तसं झालं नाही. कॅमेरा आता जेम्सच्या खांद्यामागे आहे आणि हवा तसा फिरवता येतो. म्हणजे कोपऱ्यातली भीती गेली? नाही, तिची जागा बदलली. पायांच्या दोन जोड्या एकमेकांना जोडल्यासारखे दिसणारे ते मॅनिकिन आता भिंतीच्या आडोशाला, टेबलामागे निश्चल उभे राहतात. आपण टॉर्च फिरवतो, खोली रिकामी वाटते, पुढे पाऊल टाकतो आणि… जे काम पूर्वी कॅमेरा करायचा, ते आता शत्रू करतो. मला तरी या रिमेकमधली ही सर्वात हुशार गोष्ट वाटली. जुनी युक्ती जशीच्या तशी उचललेली नाही, ती का चालत होती ते ओळखून नवी शोधली आहे.

दुसरी गोष्ट, गेम आपल्यावर गुपचूप नजर ठेवून असतो. जखमी अवस्थेत तुम्ही किती वेळ तसेच फिरता, अँजेला या मुलीची सुरी किती वेळा काढून न्याहाळता, यावर शेवट बदलतो. स्क्रीनवर कुठेही ‘तुमच्या निवडीची नोंद झाली’ असं येत नाही. आजच्या गेम्सना सगळं समजावून सांगायची सवय लागली आहे; इथे तो मोह आवरलाय. संगीतही मूळ संगीतकार अकिरा यामाओका यांचंच. हेडफोन लावून खेळा, दिवे लावायचे की नाही ते तुम्ही ठरवा.

पण सगळंच जमलंय असं नाही. मूळ गेम सात-आठ तासांत संपायचा, हा पूर्ण करायला साधारण दुप्पट वेळ लागतो. हॉस्पिटल आणि तुरुंगाच्या भागात तेच कॉरिडॉर, तेच शत्रू येत राहतात आणि दहाव्या मॅनिकिनला भीती वाटत नाही, वैताग येतो. गाड्यांच्या काचा फोडून गोळ्या गोळा करण्यात बायकोला शोधायला आलेला माणूस हरवून जातो. आणखी एक, २००१चे संवाद अवघडल्यासारखे होते, पण त्यामुळेच सगळं स्वप्नात घडतंय असं वाटायचं. आताचा अभिनय सरस आहे, जेम्सचा थकवा त्याच्या डोळ्यांत दिसतो. पण ते विचित्रपण थोडं कमी झालंय.

खरी चिंता वेगळीच आहे. नवा ‘डॉन’ आला म्हणून जुना पुसला गेला नाही. तो टीव्हीवर लागतो, आपण बघतो, भांडतो. गेमचं तसं नाही. प्लेस्टेशन २चं उत्पादन २०१३मध्ये थांबलं, त्याची डिस्क प्लेस्टेशन ५वर चालत नाही आणि या रिमेकसोबत मूळ गेम दिलेला नाही. विशीतल्या खेळाडूसाठी हाच ‘सायलेंट हिल २’. आपण तुलना करायची म्हटलं तरी दुसरी बाजू बहुतेकांना यूट्यूबवर बघूनच समजून घ्यावी लागते, आणि खेळण्याचा गेम नुसता बघणं म्हणजे मिसळीचा फोटो बघण्यासारखं. कोनामीने मूळ गेमही सोबत दिला असता, तर या रिमेकची हुशारी उलट जास्त उठून दिसली असती.

तरीही हा गेम जरूर खेळा. गावभर विखुरलेल्या २६ विचित्र फोटोंमध्ये बनवणाऱ्यांनी एक कोडं दडवलं होतं. ते सुटल्यावर निघालेला अर्थ असा, की तुम्ही इथे दोन दशकं आहात. जेम्सला उद्देशून आहे की परत परत त्या धुक्यात शिरणाऱ्या खेळाडूंना, ते ज्याचं त्याने ठरवावं. मी मात्र दुसऱ्यांदा सुरू केलाय. या वेळी काचा न फोडता.