निवेदने पुरे, वर्गणी काढा !

मराठी चित्रपट इंदूरच्या मॉलमध्ये लागतो तेव्हा बहुधा एकच खेळ मिळतो, तोही सकाळी दहाचा नाहीतर भरदुपारचा. सोमवारी पाहावे तर तोही गायब. मग आपली मंडळी चिडतात, निवेदन तयार होते, सह्या होतात आणि शेवटची ओळ ठरलेली : महाराष्ट्रासारखी सक्ती इथेही करा. या मागणीला माझा स्पष्ट विरोध आहे.

महाराष्ट्र सरकारने २०१५ साली मल्टिप्लेक्सना संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत मराठी चित्रपट दाखवण्याची सक्ती जाहीर केली. गदारोळ झाला आणि काही दिवसांतच ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल झाली. जिथे राज्य आपले, मंत्री आपले, तिथे ही गत. मध्य प्रदेशात आपल्यासाठी कायदा कोण करणार, आणि का करावा? होळकरांच्या काळापासून आपण इथे आहोत ते मागून खाण्यासाठी नव्हे.

मुळात हे बाजारातले चित्रपटगृह जन्मले कशासाठी? १९६३ साली अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या वॉर्ड पार्कवे या बाजारसंकुलात स्टॅनली ड्युरवुड या थिएटरमालकाने शेजारी शेजारी दोन पडदे सुरू केले. नोकरवर्ग तोच, गाड्या लावायला जागा बाजाराची. खर्च एकाचा, गल्ला दोघांचा ! आपल्याकडे ही पद्धत १९९७ साली दिल्लीत साकेतच्या बाजारात रुजली. जुन्या अनुपम थिएटरचे चार पडद्यांचे पीव्हीआर झाले. मर्म एकच : गर्दीचा चित्रपट मोठ्या पडद्यावर, थोड्यांचा लहानावर. हजार खुर्च्यांच्या टॉकीजवाल्याला दोनशे मराठी प्रेक्षक म्हणजे तोटाच होता. लहान पडदा आपल्यासारख्यांच्या सोयीचाच आहे.

आता हिशेब. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले भांडले, दोन महिने मोठे हिंदी चित्रपट लागले नाहीत. तडजोडीत वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्याला ५० टक्के, दुसऱ्याला साडेबेचाळीस, तिसऱ्याला साडेसदतीस, चौथ्याला ३० असा ठरला. म्हणजे चित्रपट जितका टिकेल तितका मॉलवाल्याचा वाटा वाढतो. वर खाण्याची कमाई वेगळी. (२०२३ साली सर्वोच्च न्यायालयानेही बाहेरचे खाणे अडवण्याचा मालकांचा हक्क मान्य केला, तेव्हा चिवडा घरीच ठेवा.) त्याचे मराठीशी वैर नाही. त्याला शुक्रवार ते रविवार रिकाम्या खुर्च्या दिसतात आणि सोमवारी तो हात झटकतो. आपण मात्र म्हणत असतो, "पुढच्या आठवड्यात बघू", "फोनवर येईलच महिन्याभरात".

इंदुरात प्रेक्षक नाहीत, हे कुणी मला सांगू नये. सानंद न्यासाचे सभासद वर्षाची वर्गणी आधी भरतात आणि एकेका नाटकाचे पाच गटांसाठी पाच प्रयोग होतात. त्यासाठी कोणत्या मंत्र्याचे दार ठोठावले होते?

मंडळाने वर्षाला सहा चित्रपटांची वर्गणी काढावी. समजा १५० खुर्च्यांचा पडदा, शनिवार संध्याकाळचा खेळ, तिकीट २०० रुपये. एका खेळाचे ३०,००० रुपये आगाऊ टेबलावर ठेवा आणि मग मॅनेजरशी बोला. तो चहा मागवील. माणशी वर्षाचे १,२०० रुपये, आपण एका लग्नात देतो त्या आहेराएवढे.

आणि नातवंडांना बरोबर न्या. त्यांच्या कानावर आजीचे रागावणे सोडले तर मराठी पडते कुठे? अंधारात दीडशे माणसे एका विनोदावर एकदम हसली की त्या पोराला कळते, ही भाषा एकट्या आजीची नाही.

पुढच्या सभेत निवेदनाचा ठराव आला तर मी विरोधात हात वर करणार. वर्गणीचा आला तर पहिली पावती माझ्या नावाने फाडा.