विश्लेषण : आजीच्या पाककृतींचा ब्लॉग दहा वर्षांनी उघडेल का?

उमरखेड यवतमाळ जिल्ह्यात आहे, पण जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा नांदेड जवळ. पैनगंगा ओलांडली की मराठवाडा. त्यामुळे इथल्या ताटात दोन्हीकडचे येते. गोळाभात, पाटोडीचा रस्सा, रोडगे-वरण, अंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या. यातले बरेच पदार्थ हॉटेलच्या मेनूकार्डवर दिसत नाहीत आणि छापील पुस्तकांतही क्वचितच सापडतात. ते घरात असतात, आणि घरातल्या एक-दोन बायकांच्या हातात असतात. म्हणून शिकायला किंवा नोकरीला पुण्या-नागपूरला गेलेली नातवंडे हे पदार्थ फोनवर नोंदवू लागली, ही चांगली गोष्ट आहे. कुणी ब्लॉग काढतो, कुणी यूट्यूब चॅनेल, कुणी नुसत्या रील्स.

काढणे सोपे आहे. चालू ठेवणे अवघड. माझ्या मते ते अवघड होते ते तंत्रज्ञानामुळे कमी आणि घरातल्या साध्या बेफिकिरीमुळे जास्त.

आधी लोक काय करत होते?

मराठीत छापील पाकशास्त्राला दीडशे वर्षे झाली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० चे. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले आणि मापे वाटी-चमच्यावर आली. ‘अंदाजाने घ्या’ या शब्दाने नवख्या मुलींचा जो घोटाळा व्हायचा, तो त्या वाटीने कमी केला.

या पुस्तकांची एक गोष्ट ब्लॉगवाल्यांनी लक्षात घ्यावी. प्रकाशक बदलला, दुकान बंद पडले, तरी फडताळातली प्रत तशीच राहते. वेबपेजचे तसे नाही. ते रोज कुणीतरी चालू ठेवले तरच चालू असते. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपेजेसपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. हळदीचे डाग पडलेली वही या बाबतीत जास्त भरवशाची निघाली.

इंटरनेट बदलले म्हणजे नेमके काय बदलले?

मराठीपुरते बोलायचे तर पहिला फटका फॉन्टचा होता. जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षराचे नुसते चित्र असायचे आणि ते इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर बसवलेले असायचे. तुमच्या संगणकात तोच फॉन्ट असेल तर पुरणपोळी दिसायची, नसेल तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा. शोध घेण्याचा प्रश्नच नव्हता, कारण संगणकाच्या लेखी ते मराठी नव्हतेच. युनिकोडने प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला (‘क’चा क्रमांक ०९१५) आणि कोणत्याही फोनवर तेच अक्षर दिसू लागले. जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून ठेवलेल्या किती पाककृती आज वाचता येत नसतील, याचा हिशेब कुणीच ठेवलेला नाही.

गंमत अशी की तीच चूक आज नव्या रूपात होते आहे. पाककृतीचे सुंदर कार्ड बनवायचे, मजकूर चित्रातच टाकायचा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सोडायचे. ते चित्र चार ग्रुप फिरून येते, पण दोन वर्षांनी ‘आळणाची कृती’ म्हणून शोधायला जाल तर हाती लागणे कठीण. चित्रातला मजकूर हा मजकूर नसतो.

बाकीचे टप्पे झरझर सांगता येतील. ब्लॉगर ही सेवा १९९९ मध्ये सुरू झाली, २००३ मध्ये गूगलने घेतली. ब्लॉग एकत्र वाचण्याचे गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाले आणि नवी पोस्ट वाचकापर्यंत आपोआप पोहोचण्याची एक वाट गेली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि स्वयंपाक वाचण्यापेक्षा पाहणे सोपे झाले. गूगल अ‍ॅडसेन्सच्या जाहिराती मराठी मजकुरावर मिळू लागल्या त्या २०१८ मध्ये, म्हणजे वाचक व्हिडिओकडे वळून गेल्यावर. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि ज्यांनी सगळे तिथेच ठेवले होते त्यांना एका रात्रीत दुसरे घर शोधावे लागले.

प्रत्येक वळणावर नव्या जागी धावलेच पाहिजे, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. व्यवसाय करायचा असेल तर धावावे लागेल. मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये अमेरिकेत राहून सुरुवात केली, पुढे मराठीत आल्या, पुण्यातून काम वाढवले. त्यामागे पूर्ण वेळ आहे, माणसे आहेत. घरातल्या चार पिढ्यांची चव जपण्यासाठी सुरू केलेल्या ब्लॉगला ती गती झेपत नाही, आणि तशी गरजही नाही.

‘आपली आजी’च्या वेळी काय घडले?

अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासार गावच्या सुमन धामणे आणि त्यांचा नातू यश पाठक यांची गोष्ट अनेकांना माहीत आहे. २०२० मध्ये नातवाने आजीचे पदार्थ यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली. कारल्याच्या भाजीचा व्हिडिओ तुफान चालला आणि काही महिन्यांत चॅनेलला लाखो सदस्य मिळाले. ऑक्टोबर २०२० मध्ये ते चॅनेल हॅक झाले. काही दिवसांनी ते परत मिळाले, पण त्या दिवसांत आजी-नातवाच्या हातात काहीच नव्हते.

अशी चॅनेल्स कशी पळवली जातात, हे समजून घेण्यासारखे आहे. बहुतेक वेळा पासवर्ड कुणी ओळखत नाही. ‘आमच्या मसाल्याची जाहिरात कराल का?’ असा मेल येतो, सोबत कराराची म्हणून एक फाइल असते. ती उघडली की संगणकातील ‘लॉगिन झालेले आहे’ ही खूण चोराकडे जाते. मग ओटीपी विचारलाच जात नाही, कारण यंत्रणेच्या दृष्टीने तुम्ही आधीच आत असता. म्हणून चॅनेलचा ईमेल आणि जाहिरातीसाठी जाहीर केलेला ईमेल वेगळे ठेवणे ही पहिली खबरदारी. अनोळखी फाइल चॅनेल उघडलेल्या संगणकावर न उघडणे, ही दुसरी.

एआयने उत्तर दिले तर ब्लॉगवर कोण येईल?

भारतात ऑगस्ट २०२४ पासून गूगल शोधाच्या निकालांत वरच एआयने तयार केलेला सारांश दिसू लागला. प्यूने मार्च २०२५ मधील अमेरिकी वापरकर्त्यांचे शोध तपासले. सारांश दिसला तेव्हा खालच्या दुव्यावर क्लिक होण्याचे प्रमाण ८ टक्के होते, सारांश नसताना १५ टक्के. म्हणजे जवळपास निम्मे. जाहिरातींवर चालणाऱ्या पाककृतींच्या साइटना हा फटका थेट खिशावर बसतो.

घरगुती ब्लॉगचे दुखणे वेगळे आहे. त्याला पैसे आधीही फारसे मिळत नव्हते. त्याचे नुकसान चवीत होते. एआय अनेक पाककृती वाचून त्यातली सरासरी सांगते, आणि स्वयंपाकात सरासरी ही कुणाच्याच घरची नसते. गोळाभाताचेच घ्या. गोळ्यांना चण्याच्या डाळीचा भरडा लागतो. बारीक बेसन घेतले की गोळा चिकट होतो. वरून गरम फोडणीचे तेल घालायचे, तेही हात आखडता न घेता. इंटरनेटवर ‘बेसन’ लिहिणारे शंभर आणि ‘भरडा’ लिहिणारे चार असतील तर उत्तर बेसनाचेच येणार. यात यंत्राचा दोष नाही, त्या चारांचे आकडे कमी आहेत.

यावर ‘मग लिहून उपयोग काय, सगळे एआयच घेणार’ असे म्हणणारे भेटतात. त्यांचा राग खरा आहे. दुसऱ्याच्या आईची मेहनत नाव न घेता वापरली जाते, हे बरोबर नाहीच. पण न लिहिल्याने एआयचे काही अडत नाही. उमरखेडकडची पद्धत तेवढी उत्तरातून गायब होते आणि दहा वर्षांनी आपलीच मुले बेसनाचा गोळाभात ‘अस्सल वैदर्भीय’ म्हणून खातात.

कायद्याचा आधार इथे तोकडा आहे. साहित्य आणि कृतीची कल्पना कुणाच्या मालकीची नसते. तुम्ही लिहिलेले शब्द आणि काढलेले फोटो यांना मात्र १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण मिळते. शब्दांसाठी ते लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे. तेव्हा कुणी फोटोसकट पोस्ट उचलली तर तक्रार करता येते. तोच पदार्थ आपल्या शब्दांत लिहिला तर नाही.

चावी कुणाकडे आहे?

सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात टाळला जाणारा प्रश्न हा. ब्लॉग आजीचा, पण ईमेल नातवाचा. तो इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना उघडलेला, एखाद्या बंद पडलेल्या सिमकार्डाला जोडलेला. पुढे नोकरी लागते, लग्न होते, ईमेल बदलतो. ओटीपी कुठल्या नंबरवर जातो हे घरात कुणालाच सांगता येत नाही.

गूगलने मे २०२३ मध्ये जाहीर केले की दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती हटवली जाऊ शकतात, आणि डिसेंबर २०२३ पासून ते सुरूही झाले. यूट्यूबवर व्हिडिओ असलेली खाती तूर्त हटवणार नाही, असे कंपनीने म्हटले होते. फोटो, मेल किंवा ब्लॉगबद्दल तशी सवलत गृहीत धरू नये. वर्षातून एक-दोनदा त्या खात्यातून लॉगिन करणे हे पोळ्याला किंवा दिवाळीला घरी आल्यावर करण्याचे काम आहे.

गूगलच्याच सेटिंगमध्ये ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नावाची सोय आहे. खाते ३ ते १८ महिने वापरात नसेल तर तुम्ही निवडलेल्या माणसांना कळवले जाते आणि ठरवलेला डेटा त्यांना उतरवून घेता येतो. दहा जणांपर्यंत नावे देता येतात. यात दोन वेगवेगळ्या पिढ्यांतली माणसे असावीत, कारण एकाच वयाचे दोघे भाऊ एकाच वेळी कामात बुडालेले असतात. स्वतःचे डोमेन घेतले असेल तर ते वर्षाच्या भाड्यावर असते. पैसे भरायचे राहिले की नाव दुसरा कुणीही घेऊ शकतो.

माणूस गेल्यावरही काम चालू राहू शकते. तेलंगणातील ‘ग्रँडपा किचन’चे नारायण रेड्डी ऑक्टोबर २०१९ मध्ये गेले, त्यांच्यामागे इतरांनी चॅनेल चालू ठेवले. आधी चावी आणि मग इच्छा असली की हे जमते.

प्रत कशी काढायची?

ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये बॅकअपचा पर्याय आहे. त्यातून सगळ्या पोस्टची एक फाइल मिळते, पण फोटो त्यात येत नाहीत. ते वेगळे उतरवून ठेवावे लागतात. यूट्यूबचे व्हिडिओ ‘गूगल टेकआउट’मधून घेता येतात. व्हिडिओ असला तरी त्याखाली कृती मजकुरात लिहावीच. व्हिडिओत आजी ‘एवढं मीठ’ म्हणते आणि मूठ दाखवते. ती मूठ किती चमचे, हे तिच्याकडूनच मोजून घ्यायचे असते, आणि ते आजच होऊ शकते.

लिहिताना आपलाच शब्द लिहावा, शेजारी बाहेरच्यांना कळेल असा दुसरा द्यावा. ‘भाकर’ची ‘भाकरी’ करू नये. पदार्थ कोणाकडून आला, माहेरकडून की सासरकडून, कोणत्या गावचा, कोणत्या सणाला, पाऊस कमी झालेल्या वर्षी त्यात काय बदलायचे, हेही लिहावे. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ने (२०१५) मराठवाड्यातल्या महार-मांग घरांचे जेवण पुस्तकात आणले आणि २०२४ मध्ये ते इंग्रजीत गेले. पाकशास्त्राच्या पुस्तकांनी ज्यांना जागा दिली नाही, अशी घरे पैनगंगेच्या दोन्ही काठांना आहेत. बंजारा तांड्यांवरची सळोई असो की आंध वस्त्यांवरच्या रानभाज्या, घरातल्या घरात फोनवर लिहिण्याची सोय त्यांनाही तेवढीच आहे.

आणि शेवटी एक प्रिंट काढावी. शंभर पानांची झेरॉक्स आणि स्पायरल बाइंडिंगला एका मोबाइल रिचार्जइतका खर्च येतो. पहिल्या पानावर ब्लॉगचा पत्ता आणि तो कोणत्या ईमेलने उघडतो हे लिहावे. पासवर्ड लिहू नये, तो कुणाला माहीत आहे त्याचे नाव लिहावे.