७० पावलं मागे, प्लीज!

तंबू कुठे लावायचा, यावर आमच्या ट्रेकिंग ग्रुपचं एकमत असतं. पाण्याला अगदी टेकून! सकाळी चेन उघडली की समोर तळं, हातात कॉफी आणि फोटो थेट स्टेटसला. या ठरावाला विरोध करणारी एकटी मीच. म्हणून माझं नाव पडलंय 'हेडबाई'. पडू दे.

'लीव्ह नो ट्रेस' या अमेरिकन नियमावलीत तंबू पाण्यापासून २०० फूट, म्हणजे साधारण ६० मीटर लांब लावायला सांगितलंय. टेप नको, मोठ्या माणसाची ७० पावलं पुरतात. भांडी, आंघोळ आणि सकाळचा 'कार्यक्रम' यांनाही तेच अंतर. साबणाचं पाणी जमिनीवर ओतलं तर मातीतले जीवाणू त्याचा हळूहळू निकाल लावतात. तळ्यात गेलं तर ते तळ्याचंच होतं. साबण 'हर्बल' असला तरी! शिवाय रात्री पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची वाट मोकळी राहते आणि तुमची स्लीपिंग बॅग दवाने कमी भिजते.

पण मी मूळची जालन्याची. आमच्याकडे खरा प्रश्न असा, की ७० पावलं मोजायची कुठून?

मराठवाड्यातला तलाव उन्हाळ्यात आटत आटत खूप आत जातो. काठावर छान सपाट जमीन उघडी पडते. पाहुण्यांना वाटतं, वा, काय कॅम्पसाइट आहे! अहो, तो तलावाचा तळ आहे. तिथे तुम्ही जे पुराल, ते जून-जुलैच्या पावसानंतर पाण्याखाली असेल. म्हणून मोजणी आजच्या पाण्यापासून नाही, तलाव भरल्यावर पाणी जिथवर येतं तिथून करायची. ती रेघ कळत नसेल तर जवळच्या गावात कुणालाही विचारा. बोट दाखवून सांगतील.

घाणेवाडीचा तलाव जालना शहराला पाणी देतो. निजामाच्या काळातला हा तलाव गाळाने भरत गेला, तेव्हा जालनेकरांनी पैसे जमवून तो गाळ काढला. २०१२-१३च्या दुष्काळात टँकरमागे हंडे घेऊन धावलेलं हे शहर आहे. त्याच्यासाठी तळं म्हणजे 'व्ह्यू' नसतो, उद्याचा चहा असतो.

तेव्हा या वीकएण्डला कुठल्याही तळ्यावर जाणार असाल, तर आधी परवानगी घ्या. एक बादली आणि एक छोटं खुरपं सोबत ठेवा. पाणी बादलीने लांब न्या, खड्डा सहा ते आठ इंच खोल खणा, नंतर नीट बुजवा. कचरा परत घरी.

आणि फोटोचं काय? तो ७० पावलांवरूनही मस्त येतो. उलट पूर्ण तळं मावतं!