बारावीत गाव बदललेल्या मुलांचं राज्य कोणतं?

मा. मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



अकरावी-बारावी शालेय शिक्षण खात्याकडे, इंजिनीअरिंगचे प्रवेश उच्च व तंत्रशिक्षण खात्याकडे आणि एमबीबीएसचे वैद्यकीय शिक्षण खात्याकडे. ज्या मुलांसाठी मी लिहिते आहे, ती या तिन्ही खात्यांच्या मधल्या फटीत अडकतात. एका खात्यात गेलं की दुसऱ्याकडे बोट दाखवलं जातं. म्हणून हे पत्र थेट तुम्हाला.

मी पिंपरी-चिंचवडमधल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. दरवर्षी जून-जुलैत बारावीच्या वर्गात नवे चेहरे येतात. कुणी उत्तराखंडातल्या रुद्रपूरहून, कुणी गुजरातेतल्या साणंदहून, कुणी तमिळनाडूतल्या होसूरहून. ही नावं एकत्र का येतात ते इथल्या कुठल्याही कामगाराला विचारा. गाड्यांचे कारखाने या पट्ट्यांत आहेत, आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कंपन्या त्यांच्या मागोमाग जातात. चाकणला नवी लाइन सुरू झाली की तिकडचा सुपरवायझर, फिटर, क्वालिटीचा माणूस इकडे येतो. साणंदला काम वाढलं की इकडचा तिकडे जातो. बायको-मुलं दोन-तीन महिन्यांनी मागून येतात. बदलीची तारीख कंपनी ठरवते, मुलगी बारावीला आहे की चौथीला हे बघून ठरवत नाही.

पिंपरी हे मुळातच बाहेरून आलेल्यांनी वसवलेलं शहर. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचा कॅम्प इथे बसला. 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज. 1970 मध्ये नगरपालिका झाली, 1982 मध्ये महानगरपालिका. पुढे चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्र आले आणि शहर नाशिक रस्त्याने पसरत गेलं. उलटंही घडलं. तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातलं उत्पादन 2020 च्या डिसेंबरात थांबलं. ह्युंदाईने तो कारखाना ताब्यात घेतला 2024 उजाडल्यावर. मधल्या तीन वर्षांत ज्या घरातलं मूल दहावी ते बारावीच्या टप्प्यात होतं, त्या घराला पोटासाठी गाव सोडायचं की मुलासाठी थांबायचं, हा प्रश्न पडलाच असणार. औद्योगिक पट्टा म्हणजे गुंतवणुकीचे करार आणि भूमिपूजनं, तशीच ही घरंही.

आता एक मुलगी बघा. दोन वर्षांपूर्वी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ती वर्गात आली. अकरावी सीबीएसईतून रुद्रपूरला केलेली, वडील पूर्व उत्तर प्रदेशातले, चाकणच्या एका प्रेसशॉपमध्ये. जवळच्या सीबीएसई शाळेत बारावीला जागा नव्हती, फीही झेपणारी नव्हती, म्हणून राज्य मंडळाकडे. मी पहिला धडा शिकवत होते, चक्रगती. तिने वही उघडली तर गेल्या वर्षीच्या वहीत तोच धडा, तीच सूत्रं, तीच उदाहरणं. एनसीईआरटीच्या अकरावीत असलेली चक्रगती, द्रवांचे गुणधर्म, उष्मागतिकी, दोलनं हे सगळं राज्य मंडळाने बारावीत ठेवलं आहे. मला वाटलं, बरं झालं, हिला सोपं जाईल. मग तिनेच विचारलं, ‘मॅडम, लेन्स आणि प्रिझम कधी होणार?’

ते कधीच होणार नव्हतं. किरणप्रकाशिकी राज्य मंडळात अकरावीला संपते, एनसीईआरटीत बारावीला येते. स्थिरविद्युत आणि विद्युतप्रवाहाचा पायाही आमच्याकडे अकरावीतच घालून होतो. म्हणजे या मुलीने पुस्तकाचा बराच भाग दोनदा शिकायचा आणि काही प्रकरणं एकदाही नाही. जेईई आणि नीटला तेच धडे येतात. एमएचटी-सीईटीच्या भौतिकशास्त्रात 50 पैकी 10 प्रश्न राज्य मंडळाच्या अकरावीवरचे, आणि ती अकरावी तिने केलेलीच नाही. रसायनशास्त्र आणि गणितातही असेच सांधे निसटतात. शिवाय एनआयटीत जायचं तर बारावीला 75 टक्के हवेत किंवा मंडळाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये बसायला हवं. त्यात 30 गुण प्रात्यक्षिकाचे, तेही पाच-सहा महिने आधी पाहिलेल्या प्रयोगशाळेत.

आम्ही काही शिक्षक अशा मुलांना सकाळी तासभर आधी बोलावतो आणि राहिलेले धडे घेतो. हे आमच्या मर्जीवर चाललं आहे, कुठल्याही परिपत्रकात नाही. जिथे शिक्षकाला वेळ नाही, तिथे ती मुलं क्लासच्या फीसाठी आईवडिलांच्या तोंडाकडे बघतात.

कागदांचं तर विचारूच नका. शाळा सोडल्याचा दाखला, त्यावर तिकडच्या अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी, स्थलांतर प्रमाणपत्र, पात्रतेची मान्यता, बारावीतल्या प्रवेशाला शिक्षण उपसंचालक कार्यालयाची परवानगी. वर जुन्या शाळेने यू-डायस या सरकारी विद्यार्थी-नोंदणीवर मुलीचं नाव ‘ड्रॉप बॉक्स’मध्ये टाकल्याशिवाय नव्या कॉलेजला ते ओढता येत नाही. तिकडचा कारकून रजेवर असेल तर इकडचा फॉर्म अडतो. वडील शिफ्टला, आई भाषेने बावरलेली. अशा वेळी 17 वर्षांची पोर पीएमपीच्या बसने पुण्याला जाऊन खिडकीवर उभी राहते आणि तो दिवस वर्गातून वजा होतो.

कार्यालयांच्या संशयाला कारण आहे, हे मला मान्य आहे. बारावीत कॉलेज बदलणारे सगळेच बदलीवाले नसतात. क्लासशी संगनमत केलेल्या, हजेरी न घेणाऱ्या कॉलेजांत नावापुरते प्रवेश घेणारे पुष्कळ आहेत. त्यांना आळा घालायला 2018 मध्ये विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची करावी लागली होती. पण लबाडांसाठी लावलेली चाळणी खऱ्या बदलीवाल्यांना आधी अडवते, कारण क्लासवाल्यांची कागदपत्रं नेहमीच चोख असतात.

या सगळ्यातून तरून मूल फेब्रुवारीत परीक्षेला बसतं, चांगले गुण मिळवतं. मग प्रवेशाची माहितीपुस्तिका हातात येते आणि खरा घाव तिथे बसतो.

राज्याच्या इंजिनीअरिंग प्रवेशात महाराष्ट्राचा उमेदवार कोण, हे ठरवायला ‘ए’पासून प्रकार आहेत. ‘ए’ म्हणजे दहावी-बारावी दोन्ही इथून आणि जन्म किंवा अधिवास इथला. ‘बी’ म्हणजे उमेदवाराकडे किंवा आई-वडिलांपैकी एकाकडे इथलं डोमिसाईल. ‘सी’ म्हणजे महाराष्ट्रात नेमणूक झालेल्या केंद्र सरकारच्या किंवा त्याच्या उपक्रमांच्या कर्मचाऱ्यांची मुलं. ‘डी’ राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांची, ‘ई’ वादग्रस्त सीमाभागातली मराठी मुलं. यातला ‘सी’ प्रकार मला फार शहाणपणाचा वाटतो. बदली ही वडिलांच्या हातात नसते, तिची शिक्षा मुलाला नको, एवढा साधा विचार त्यामागे आहे. तोच विचार खासगी कारखान्यातल्या कामगारापर्यंत का पोचत नाही?

दापोडीत लष्कराचं सीएमई आहे, पुढे देहूरोडला आयुध निर्माणी. तिथे बदलून आलेल्या कर्मचाऱ्याच्या मुलाला केंद्रीय विद्यालयात बारावीतही जागा मिळते, अभ्यासक्रम तोच राहतो आणि पुढे ‘सी’ प्रकारातून तो महाराष्ट्राच्या यादीत येतो. हे योग्यच आहे. त्याच रस्त्याच्या पलीकडे, भोसरीच्या शेडमध्ये बदलून आलेल्या टर्नरच्या मुलाला यातलं काहीही नाही. दोघांचे वडील मालकाच्या आदेशाने आले. एकाचा मालक सरकार आहे, एवढाच फरक.

माझ्या त्या विद्यार्थिनीचं काय झालं सांगते. एनआयटीसाठी ‘होम स्टेट’ म्हणजे जिथून बारावी पहिल्यांदा उत्तीर्ण झाली ते राज्य. एनआयटीत निम्म्या जागा होम स्टेटला असतात. म्हणजे नागपूरच्या व्हीएनआयटीच्या लेखी ती महाराष्ट्राची. तीच मुलगी, तीच गुणपत्रिका, पण पुण्याच्या सीओईपीच्या लेखी ती बाहेरची, कारण दहावी इथली नाही, वडिलांकडे डोमिसाईल नाही आणि वडील सरकारी नोकर नाहीत. बाहेरच्या राज्यांतल्या उमेदवारांसाठी ज्या मोजक्या जागा असतात, त्यांतच तिने धडपडायचं. घर चिंचवडला आणि पर्याय घरापासून दूर, जास्त फीच्या खासगी कॉलेजांचे. व्हीएनआयटी तिला काही गुणांनी हुकली. सीईटीला तिच्यापेक्षा कमी पर्सेंटाइल असलेली तिच्याच बाकावरची मुलगी शासकीय कॉलेजात गेली. दोघी अजून मैत्रिणी आहेत, तक्रार एकीचीही नाही. माझी आहे.

हा फक्त परप्रांतीयांचा प्रश्न आहे असं कुणी म्हणेल, म्हणून खेड तालुक्यातल्या एका मुलाचं सांगते. चार पिढ्या इथल्या, आजोबांची जमीन चाकण एमआयडीसीत गेलेली. वडिलांना कंपनीने साणंदला पाठवलं, मुलाची दहावी तिकडे झाली, बारावीला कुटुंब परत आलं. डोमिसाईल असल्याने इंजिनीअरिंगला तो ‘बी’मधून बसला असता, पण त्याला डॉक्टर व्हायचं होतं. एमबीबीएसच्या 85 टक्के राज्य कोट्याला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागते. सवलत आहे ती सैन्यदलातल्या आणि सरकारी नोकरीतल्या पालकांच्या मुलांना. गुजरातमध्येही तो आता राहत नाही. उरल्या अखिल भारतीय कोट्यातल्या 15 टक्के जागा, जिथे सगळा देश रांगेत आहे. जमीन महाराष्ट्राच्या उद्योगाला दिलेल्या घरातला नातू महाराष्ट्राच्या शासकीय वैद्यकीय कॉलेजच्या दाराबाहेर उभा आहे.

सरकारी पालक असूनही हे नियम कसे बोचतात, ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये पाहिलं. सीमा सुरक्षा दलातल्या महाराष्ट्रीय जवानाच्या मुलाला, वडिलांच्या नेमणुकीमुळे शिक्षण बाहेर झालं म्हणून एमबीबीएसचा मिळालेला प्रवेश नाकारला गेला होता. न्यायालयाने त्याला पुढच्या सत्रात प्रवेश द्यायला सांगितलं, वर एक लाख रुपये भरपाई. त्याचं वर्ष गेलं ते गेलंच. आणि कंत्राटी कामगाराने दिल्लीपर्यंत जायचं कसं?

कंत्राटी कामगारांवरून आणखी एक. उद्या सरकारने ‘बदलीचा आदेश आणा’ असं म्हटलं तर आमच्या निम्म्या पालकांकडे तो नसेल. ठेकेदार फोन करतो, ‘सोमवारपासून चाकणला ये.’ एवढाच आदेश. पण पीएफचा यूएएन नंबर असतो आणि पासबुकात कुठल्या आस्थापनेने कुठल्या महिन्यात पैसे भरले, ते दिसतं. ईएसआयसीचं कार्ड असतं. वडील कधी, कुठे कामाला होते याचा याहून भक्कम पुरावा तहसीलदारही देऊ शकणार नाही, आणि तो खोटा तयार करणंही सोपं नाही.

म्हणून मागणी सरळ आहे. ‘सी’ प्रकाराची व्याख्या वाढवा आणि पीएफ किंवा ईएसआयसीची नोंद असलेल्या, राज्यात कामावर रुजू झालेल्या खासगी कर्मचाऱ्याच्या मुलांना तीत घ्या. गैरवापराची भीती असेल तर अट घाला, की बारावीचं पूर्ण वर्ष आणि परीक्षा महाराष्ट्रातली हवी, आणि पालकाची इथली नोंद परीक्षेच्या आधीची हवी. वैद्यकीयसाठी, डोमिसाईल इथलं आणि बारावी इथली असेल, तर पालकाच्या नोकरीमुळे बाहेर झालेली दहावी आडवी येऊ देऊ नका. बारावीतल्या बदलीच्या अर्जांना ऑनलाइन एकच खिडकी आणि निकालाची ठरलेली मुदत द्या; 2025 पासून अख्ख्या राज्याचे अकरावीचे प्रवेश ऑनलाइन होतात, तर ही काही थोडी मुलं त्यात बसवणं अवघड नाही. आणि मंडळाला सांगा, की दुसऱ्या मंडळातून आलेल्यांसाठी सुटलेल्या प्रकरणांची यादी आणि जुलै-ऑगस्टमधले जोडवर्ग अधिकृत करा. शिकवायला आम्ही तयार आहोत, सकाळी सातला येतोच आहोत.

काही मुलं खासगी विद्यापीठांत किंवा परदेशात अर्ज करतात. तिथे शिक्षकांचं शिफारसपत्र मागतात. चार महिन्यांच्या ओळखीवर मी काय लिहिणार? तरी लिहिते, आणि जुन्या शाळेतल्या शिक्षकांना फोन करून विचारते. आवाज ओळखीचा नसतानाही सगळे मनापासून सांगतात. शाळा एकमेकींशी बोलतात, हे मी अनुभवलं आहे. खात्यांनीही बोलावं.

तुम्ही गुंतवणूक आणायला देशोदेशी जाता, करार करता, आणि चाकण-तळेगाव पट्ट्याचं नाव त्यांत अभिमानाने येतं. कारखाना आणताना त्याला जमीन, पाणी, वीज, रस्ता द्यावा लागतो. त्या कारखान्यात काम करायला येणाऱ्या माणसाच्या मुलीला बारावीनंतर कुठे जाता येईल, हेही त्या यादीत असायला हवं. पुढच्या वर्षीच्या प्रवेशाची माहितीपुस्तिका तयार होण्याआधी तिन्ही खात्यांच्या सचिवांना एका टेबलाशी बसवा आणि हा ‘सी’ प्रकार बदला. यंदाच्या माझ्या बारावीच्या वर्गात अशी मुलं आहेत, आणि त्यांच्या प्रवेशाचे कॅप राउंड पुढच्या उन्हाळ्यात सुरू होतील.

आपली,
पिंपरी-चिंचवडमधली एक शिक्षिका